पितळेची समई घासली तरी पुन्हा काळी का पडते? वटारच्या खाऱ्या हवेत पितळ जपायचं कसं, समजून घ्या

श्रावण संपत आला की माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात हा कार्यक्रम वर्षातून दोनदा होतो. गणपती-दिवाळीला समई, निरांजन आणि घंटा घासल्या जातात, तर नाताळच्या आधी मेणबत्तीदानं, हंडे आणि कळश्या. चिंच भिजत पडते, हात काळे होतात आणि तासाभरात पितळ सोन्यासारखं चमकू लागतं.

मग आठ-दहा दिवसांत तेच पितळ पुन्हा मळकट दिसायला लागतं. पुन्हा चिंच, पुन्हा घासणी. त्यात मोबाईलवर रोज एक नवं रील. कुणी टोमॅटो केचप लावतंय, कुणी कोल्ड्रिंकमध्ये भांडं बुडवतंय, कुणी टूथपेस्ट चोळतंय. सगळ्यांची भांडी चमकतात, हे खरं आहे.

पण या चमकेची किंमत असते. प्रत्येक घासणीत पितळेचा अगदी पातळ थर निघून जातो. एका वर्षात ते कळत नाही. पन्नास वर्षांत कळतं. रांगत्या बाळकृष्णाचं नाक सपाट होतं, समईवरची नक्षी बोथट होते आणि हंड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं आजीचं नाव वाचता येईनासं होतं.

म्हणूनच पितळ चमकवायचं कसं यापेक्षा ते कमीत कमी वेळा घासावं लागेल असं ठेवायचं कसं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यासाठी आधी पितळ काळं का पडतं ते बघू.

पितळ काळं का पडतं?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. घरातल्या वस्तूंमध्ये साधारण ६० ते ७० टक्के तांबं असतं आणि उरलेलं बहुतेक जस्त. यातलं तांबं हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतं आणि पृष्ठभागावर ऑक्साईडचा थर बसतो. सुरुवातीला तो तपकिरी दिसतो, जाड होत गेला की काळपट होतो. हवेत गंधकाची संयुगं असतील तर काळेपणा आणखी लवकर येतो. रबर, लोकर, अंड्याचा बलक, धूर या सगळ्यांतून गंधक येऊ शकतं.

म्हणजे काळं पडलेलं पितळ खराब झालेलं असतंच असं नाही. कोरडा, एकसारखा तपकिरी थर उलट खालच्या धातूला थोडंफार झाकून ठेवतो. काळजी करायची ती हिरव्या थराची. हिरवा किंवा निळसर, भुकटीसारखा सुटणारा थर दिसला तर समजायचं की तिथं ओल आणि क्षार टिकून आहेत आणि धातू आतून खाल्ला जातोय.

वटारमध्ये हा त्रास जास्त का?

वटार हे वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं गाव. नंदाखाल, राजोडी, सत्पाळा ही आसपासची गावं. केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, विहिरी आणि जवळच अरबी समुद्र. लाटा फुटताना पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. पाणी सुकतं, पण त्यातलं मीठ वाऱ्याबरोबर घरात येतं आणि भांड्यांवर बसतं. डोळ्यांना ते दिसत नाही.

मिठाचा एक गुण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी सोडतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. कोकण किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता याच्या वर असते. म्हणजे समईवर बसलेला मिठाचा कण जून ते सप्टेंबर खाऱ्या पाण्याच्या थेंबासारखा वागतो. त्यातल्या क्लोराईडमुळे पितळेवरचा संरक्षक थर फुटतो आणि हिरवे ठिपके उमटतात.

दुसरं कारण पाण्याचं. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरी आणि बोअरचं पाणी मचूळ असतं. भांडं कितीही मन लावून घासलं आणि शेवटचा हात मचूळ पाण्याचा दिला, तर सुकल्यावर मीठ भांड्यावरच राहतं. दोन दिवसांत डाग हजर.

पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या घरात जे भांडं महिनाभर चमकत राहतं, ते इथं आठवड्यात मंदावतं, त्याचं कारण हे आहे. घासणाऱ्याच्या हातात दोष नाही.

चिंच नेमकं काय करते?

चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक आणि ताकात लॅक्टिक. कोकण-गोव्यात बिंबल्या वापरतात, त्यांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. ही आम्लं तांब्याच्या ऑक्साईडला विरघळवतात. त्यात चिमूटभर मीठ घातलं की क्लोराईडमुळे काम आणखी पटकन होतं.

आता केचपचं गुपितही कळलं असेल. केचप म्हणजे टोमॅटो आणि व्हिनेगरचं आम्ल, वर मीठ. कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं. टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असते, ती भांडंही घासते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पावडरींचं कामही आम्ल आणि बारीक पूड या जोडीवरच चालतं. रीलमधला चमत्कार आणि आजीची चिंच यात रसायनाच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. फक्त चिंच स्वस्त आहे आणि किती लावायची यावर आपला ताबा राहतो.

चुलीतली राख वेगळ्या पद्धतीनं काम करते. राख अल्कधर्मी असते, त्यामुळे तेलकटपणा कापते, आणि तिची बारीक पूड मळ घासून काढते. समईवर साचलेल्या तेलाच्या चिकट थरावर चिंच चालत नाही, तिथं राख किंवा साबणच लागतो.

गुलाबी डाग म्हणजे धोक्याची खूण

चिंचेत किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवलेलं भांडं सकाळी गुलाबी-तांबूस निघतं. बऱ्याच जणांना वाटतं, आतला खरा रंग बाहेर आला. प्रत्यक्षात उलट झालेलं असतं. आम्लानं पृष्ठभागावरचं जस्त ओढून नेलेलं असतं आणि मागे नुसतं तांबं उरलेलं असतं.

थर वरवरचा असेल तर सुती कापडानं आणि चाळलेल्या तांदळाच्या पिठासारख्या मऊ पुडीनं हलक्या हातानं घासल्यावर पिवळा रंग परत येतो. पण हे वारंवार झालं तर धातू सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. तसं झालेलं भांडं पूर्ववत करता येत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा. चिंच लावायची ती मिनिटांच्या हिशेबात, तासांच्या नाही.

घासायला घेण्याआधी चार गोष्टी तपासा

पहिली, वस्तू खरंच पितळेची आहे का? चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. असा मुलामा चिंच-मिठानं घासला की उडतो आणि लोखंड गंजतं. ती वस्तू फक्त ओल्या कापडानं पुसून लगेच कोरडी करायची.

दुसरी, वर लॅकर आहे का? अलीकडच्या शोभेच्या वस्तूंवर पारदर्शक लेप दिलेला असतो. लेप शाबूत असेल तर घासायची गरजच नाही. लेप जागोजागी सुटला असेल आणि त्याखाली काळे पट्टे दिसत असतील, तर आधी ॲसिटोननं उरलेला लेप काढावा लागतो. खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून लांब.

तिसरी, आतून कल्हई आहे का? पातेल्याचा आतला भाग चांदीसारखा पांढरट असेल तर ती कथलाची कल्हई आहे. तिथं चिंच, मीठ, काथ्या काहीही नको. साधा साबण आणि मऊ कापड पुरेसं आहे.

चौथी, कुठं नाव, साल किंवा गावाचं नाव घातलेलं आहे का? मराठी घरांत लग्नाच्या, बारशाच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. काठाखाली किंवा बुडाशी शोधा. सापडलं तर घासण्याआधी तिरप्या उजेडात एक फोटो काढून ठेवा. अनेक घरांत पणजीच्या लग्नाच्या सालाची ही एकमेव नोंद असते.

घरच्या घरी साफ करण्याची पद्धत

१. कोमट पाणी आणि सौम्य साबणानं आधी तेल, मेण आणि धूळ काढा. मेणबत्तीदानावरचं मेण सुरीनं खरवडू नका. गरम पाण्यानं ते मऊ होतं आणि कापडानं निघतं.

२. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ करा. चोथा आणि चिंचोके काढून टाका. मीठ घालायचंच असेल तर चिमूटभर.

३. कोळ सुती कापडानं लावा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. नक्षीसाठी मऊ टूथब्रश वापरा. सगळं भांडं एकदम भिजवण्यापेक्षा भागाभागानं काम करा.

४. काळेपणा सुटला की लगेच धुवा. राहिलेला डाग दुसऱ्या हातात काढा. पहिल्याच हातात जोर लावू नका.

५. आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी. पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून भांडं त्यात विसळा. उरलेलं आम्ल त्यानं निष्प्रभ होतं. आम्ल फटींमध्ये राहिलं तर दुसऱ्या दिवशी हिरवे डाग दिसतात.

६. शेवटचा हात गोड्या पाण्याचा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पिण्याच्या पाण्यातलं एक तांब्याभर बाजूला ठेवा. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तम.

७. लगेच सुती कापडानं पुसा आणि थोडा वेळ उन्हात ठेवा. समईचे पेचाचे भाग सोडवून सुकवा, कारण आट्यांमध्ये पाणी अडकून राहतं. पावसाळ्यात ऊन नसेल तर हेअर ड्रायर चालतो.

हे मात्र करू नका

स्टीलची तारेची घासणी, विटेची पूड, जाड वाळू आणि खरखरीत राख यांनी ओरखडे पडतात. ओरखड्यांमध्ये मीठ आणि ओल धरून राहते, त्यामुळे पुढच्या वेळी भांडं आणखी लवकर काळं पडतं.

संडास साफ करायचं ॲसिड पितळेला लावू नका. ते जस्त खातं आणि त्याच्या वाफा फुफ्फुसांना त्रास देतात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, तो जीवघेणा ठरू शकतो. रीलमध्ये कितीही फेस दिसू दे, ही दोन रसायनं एका बादलीत नकोत.

अमोनियापासूनही पितळ लांब ठेवा. यामागे भारतातल्या पावसाळ्याशी जोडलेली एक गोष्ट आहे. ब्रिटिश काळात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात साठवलेल्या जागीच तडकत होती. कुणी त्यांना हातही लावलेला नसायचा. या प्रकाराला इंग्रजीत नावच पडलं सीझन क्रॅकिंग, म्हणजे मोसमातलं तडकणं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये याचा उलगडा केला. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून हवेत अमोनिया येत होता, हवा दमट होती आणि काडतूस घडवताना धातूत ताण शिल्लक राहिलेला होता. तिन्ही गोष्टी जुळल्या की पितळ तडकत होतं.

हंडा-कळशीही ठोकून किंवा दाबून घडवलेल्या असतात, त्यांच्या गळ्याशी असाच ताण राहू शकतो. म्हणून जुनी भांडी गोठ्यात किंवा संडासाशेजारच्या अडगळीत ठेवू नयेत आणि अमोनिया असलेल्या द्रावणांत बुडवू नयेत.

चमक टिकवायची कशी?

मीठ आणि ओल यांना पितळेपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच काम आहे.

शोभेच्या वस्तूंना मेणाचा पातळ हात देता येतो. रंग किंवा घासणारी पूड नसलेलं साधं पॉलिश मेण कापडावर अगदी थोडं घ्या, पूर्ण कोरड्या वस्तूवर चोळा, दहा मिनिटांनी दुसऱ्या कापडानं पुसून चकाकी आणा. संग्रहालयांमध्येही धातूच्या वस्तूंना मेणाचा लेप देतात. हा लेप काढता येतो आणि पुन्हा देता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

खोबरेल तेल लावायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. थोडे दिवस ते चालतं, पण तेल खवट होतं, धूळ धरतं आणि चिकट थर बसतो. समई, निरांजन यांना मेण किंवा लॅकर नको, कारण ज्योतीच्या उष्णतेनं ते वितळतं किंवा जळतं. त्यांना विझल्यावर, गार झाल्यावर कोरड्या कापडाचा एक हात रोज द्यायचा.

साठवताना वस्तू जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड नकोत. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर पावसाळा निभावतो. भांडी समुद्राच्या दिशेच्या उघड्या खिडकीत ठेवू नका. काचेचं दार असलेलं कपाट घरातल्या घासणीची निम्मी मेहनत वाचवतं.

रोज हाताळायच्या कड्या, मुठी आणि घंटा यांना वेगळं काही लागत नाही. हाताच्या घर्षणानं त्या आपोआप उजळत राहतात. फक्त घामातही मीठ असतं, म्हणून आठवड्यातून एकदा ओलं कापड आणि लगेच कोरडं कापड.

पितळी पातेल्यात स्वयंपाक करायचा असेल तर

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, कळकणे. पितळी भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की कळकते. म्हणजे आंबट पदार्थातलं आम्ल तांबं आणि जस्त ओढून घेतं, चव बिघडते आणि खाल्लं तर मळमळ, उलट्या होऊ शकतात. भांडं चमकतं ते ज्या क्रियेनं, पदार्थ कळकतो तोही त्याच क्रियेनं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. कळकलेल्या ताकात हे प्रमाण सहज वर जाऊ शकतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवतो, नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग साफ करतो आणि कथील लावून कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून कल्हईचं रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवू नये, कल्हई उतरते. आतून पिवळेपणा दिसायला लागला की पुन्हा कल्हई करायची वेळ झाली.

शोभेची म्हणून विकली जाणारी पितळी भांडी स्वयंपाकाला वापरू नका. कातकाम सोपं जावं म्हणून काही पितळेत शिसं मिसळलेलं असतं. डाख देऊन दुरुस्त केलेल्या भांड्यातही शिसं असू शकतं.

आणि काही वस्तू घासायच्याच नाहीत

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. त्यानंतर इथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरावर, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला आजही त्या आहेत. या घंटा तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूच्या, म्हणजे पितळेच्या चुलत बहिणी. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. ती दर सणाला विटेच्या पुडीनं घासली गेली असती, तर ती अक्षरं आज वाचता आली असती का, याचा विचार करून बघा.

वटारच्या जवळच नालासोपारा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथल्या स्तूपात उत्खनन केलं, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती सापडल्या. अशा वस्तूंवरचा काळसर-हिरवट थर हा त्यांच्या वयाचा पुरावा असतो. संग्रहालयातले तज्ज्ञ त्यातला धातू खाणारा भाग तेवढा काढतात आणि बाकीचा जपतात.

घरात शंभर वर्षांची पानदानं, टाक किंवा मूर्ती असतील तर हाच नियम लावा. मऊ ब्रशनं धूळ झाडा, कोरड्या कापडानं पुसा आणि थांबा. मूर्तीवर हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र घरगुती प्रयोग न करता धातूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कलावस्तू जतन केंद्र आहे.

पोचा पडलेला हंडा किंवा गळकी कळशी असेल तर मोडीत घालण्याआधी एकदा तांबटाकडे किंवा कासाराकडे न्या. पुण्याच्या तांबट आळीत आणि नाशिकच्या भांडी बाजारात असे कारागीर आजही आहेत. पोचा काढता येतो, बूड बदलता येतं. मशीनवर बफिंग करायचा आग्रह झाला तर नाव कुठं घातलंय ते आधी दाखवा आणि तेवढा भाग सोडायला सांगा. मोडीत किलोच्या भावानं पैसे मिळतात, पण काठाखालच्या ठिपक्यांत जे लिहिलंय त्याचा भाव त्या काट्यावर येत नाही.

थोडक्यात सांगायचं तर चिंच वर्षातून दोनदा, कोरडं कापड रोज, शेवटचं पाणी गोडं आणि पावसाळ्यात झाकणाचा डबा. एवढं सांभाळलं तर खाऱ्या हवेतसुद्धा समई उजळ राहते आणि तिच्यावरचं नाव पुढच्या पिढीला वाचता येतं.